कुलूप पक्कं, तरी पेंग्विन दिसला!

‘चईआ चलीआ, चळप!’

च-ची भाषा येते ना तुम्हाला? शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी नेऊन ठेवायचं आणि त्याच्या रिकाम्या जागी ‘च’ बसवायचा. मग आईची ‘चईआ’ होते, शाळेची ‘चळाशा’ होते आणि मोठी माणसं बुचकळ्यात पडतात. तीही थोडाच वेळ, कारण लहानपणी त्यांनीही हेच उद्योग केलेले असतात.

पण समजा, एखाद्या आईला च-ची भाषा अजिबात येत नाही. ती नुसती ऐकते आहे. ‘चईआ’ हा आवाज दिवसातून दहादा कानावर पडतो आणि ती दारात आली की हमखास पडतो. मग तिला कळायला कितीसा वेळ लागणार, की चईआ म्हणजे आपणच? तिने नियम शोधून काढला नाही, अक्षरांची उलटापालट केली नाही. तोच शब्द दरवेळी तस्साच बाहेर येतो, एवढ्यावरच तिचं काम झालं.

गंमत म्हणजे, ही खोड जगातल्या अतिशय पक्क्या कुलपांनाही लागते. कुलूप न फोडता, किल्लीला हातही न लावता आतलं गुपित बाहेर दिसतं. कसं, ते बघू या.

मोबाइल, बँक, वायफाय अशा सगळीकडे निरोप कुलूपबंद करायला आज जी रीत सर्रास वापरतात, तिचं नाव एईएस. बेल्जियमच्या योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमन या दोघांनी ती तयार केली. अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १९९७ मध्ये एक स्पर्धा जाहीर केली होती. जगभरातून १५ कुलपं मैदानात उतरली, पाच अंतिम फेरीत पोचली आणि ऑक्टोबर २००० मध्ये या जोडीचं कुलूप जिंकलं. ते कसं चालतं हे कोणीही वाचू शकतं, सगळं छापलेलं आहे. तुम्ही म्हणाल, मग गुपित काय राहिलं? गुपित राहते ती फक्त किल्ली. केर्कहॉफ्स नावाच्या प्राध्यापकांनी १८८३ मध्येच सांगून ठेवलं होतं की रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, किल्ली पडली नाही म्हणजे झालं. च-च्या भाषेला किल्लीच नाही, म्हणून ती एकदा कळली की कायमची कळली.

ही किल्ली म्हणजे ० आणि १ यांची लांबलचक माळ. त्यातला प्रत्येक ० किंवा १ म्हणजे एक बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. एईएसची किल्ली १२८, १९२ किंवा २५६ बिटांची असते.

आता निरोपाकडे येऊ. एईएस अख्खा निरोप एकदम गिळत नाही. त्याचे सारखे ठोकळे पाडतं, प्रत्येक ठोकळा १२८ बिटांचा, म्हणजे १६ बाइटांचा. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात मावतं, पण आपल्या देवनागरीचं एकेक चिन्ह कॉम्प्युटर सहसा तीन बाइटांत लिहितो, आणि काना, मात्रा, वेलांटी ही त्याच्या लेखी वेगळी चिन्हं. ‘आजोबा’ हा शब्द घ्या. आ, ज, त्याचा ओकार, ब आणि काना अशी ही पाच चिन्हं. पाच त्रिक पंधरा बाइट. ठोकळ्यात एकच बाइट उरतो. तो रिकामा ठेवता येत नाही, म्हणून तिथे १ हा आकडा भरतात. ‘आजी’ नऊ बाइटांत आटोपते, उरतात सात. मग तिथे सात वेळा ७ भरतात. उघडणाऱ्याने शेवटचा आकडा बघायचा आणि तेवढे बाइट टाकून द्यायचे. आणि निरोप नेमका १६ बाइटांचा भरला तर? तर १६ हा आकडा १६ वेळा भरलेला एक अख्खा फालतू ठोकळा शेवटी जोडायचा. नाहीतर शेवटचा आकडा खरा की भरतीचा, हे उघडणाऱ्याला कळायचं कसं? लांब निरोप असेल तर १६व्या बाइटावर करवत चालते, मग मध्ये ‘म’ कापला गेला तरी एईएसला त्याचं सोयरसुतक नाही.

असा ठोकळा घेऊन त्याच लांबीचा दुसरा, वेड्यावाकड्या बिटांचा ठोकळा देणाऱ्या कुलपाला ब्लॉक सायफर म्हणतात. आपण एक चिमुकला ब्लॉक सायफर बनवू. ठोकळा फक्त तीन बिटांचा. तीन बिटांत ० ते ७ असे आठच आकडे बसतात, म्हणजे ०००, ००१, ०१० असं करत १११ पर्यंत. आपला तक्ता असा:

आत: ० १ २ ३ ४ ५ ६ ७
बाहेर: ५ २ ७ ० ६ १ ३ ४

४ दिला की ६ मिळणार, ६ दिला की ३. उलट वाचलं की कुलूप उघडतं. खालच्या ओळीत एकही आकडा दोनदा आलेला नाही, हे बघून घ्या. दोनदा आला असता तर उलट वाचताना पंचाईत झाली असती.

असे वेगवेगळे तक्ते किती बनतील? पहिल्या खान्यात आठांपैकी कोणताही आकडा, दुसऱ्यात उरलेल्या सातांपैकी, असं करत ८×७×६×५×४×३×२×१. उत्तर येतं ४०,३२०. या तक्त्यांना क्रमांक दिले आणि मी मैत्रिणीच्या कानात सांगितलं, ‘आज अमुक क्रमांकाचा तक्ता’, तर तो क्रमांक झाली आमची किल्ली! आणि ४०,३२० पर्यंतचे क्रमांक लिहायला किती बिट लागतात माहीत आहे? १५ बिटांत ३२,७६८ च क्रमांक मावतात, म्हणजे १६ बिट हवेत. तीन बिटांचा ठोकळा आणि १६ बिटांची किल्ली!

पुष्कळ मोठ्या माणसांचाही इथे गोंधळ होतो. त्यांना वाटतं, किल्ली आणि ठोकळा एकाच मापाचे असले पाहिजेत. तसं काही नाही. ठोकळ्याची लांबी सांगते की तक्त्यात खाने किती आहेत. किल्लीची लांबी सांगते की निवडायला तक्ते किती आहेत. दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी उत्तरं. एईएसच्या तिन्ही किल्ल्यांना ठोकळा मात्र एकच, १२८ बिटांचा. डामेन आणि रायमन यांच्या मूळ कुलपात ठोकळाही २५६ बिटांपर्यंत वाढवता येत होता, पण मानक ठरवताना तो १२८ वर पक्का केला. (अर्थात १२८ बिटांचा तक्ता कोणी लिहून ठेवत नाही. पृथ्वीवरचा सगळा कागद पुरायचा नाही! किल्ली हाती असली की हवा तो खाना एईएस जागच्या जागी हिशेब करून काढतं. त्यासाठी आकडे १०, १२ किंवा १४ फेऱ्या घुसळतं.)

दोन मापं आहेत, तसे चोरही दोन जातींचे.

पहिला चोर किल्ल्या लावून बघतो. एकामागून एक, सगळ्या. त्याला हरवायचं तर किल्ली लांब हवी. अमेरिकेने १९७७ मध्ये डीईएस नावाचं कुलूप सरकारी मानक केलं. ठोकळा ६४ बिटांचा आणि किल्ली ५६ बिटांची. म्हणजे किल्ल्या एकूण ७२,०५,७५,९४,०३,७९,२७,९३६. आकडा केवढा दांडगा दिसतो! पण व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी त्याच वर्षी हिशेब मांडून दाखवला की दोन कोटी डॉलर खर्चून यंत्र बांधलं तर दिवसभरात ही किल्ली सापडेल. तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने अडीच लाख डॉलरच्या आत तसं यंत्र खरोखर बांधलं. ‘डीप क्रॅक’ त्याचं नाव. सेकंदाला सुमारे ९,००० कोटी किल्ल्या लावून बघायचं आणि त्याने ५६ तासांत किल्ली शोधली. ५६ बिटांना ५६ तास हा निव्वळ योगायोग, त्यात काही शोधत बसू नका.

तेच यंत्र १२८ बिटांच्या किल्लीवर सोडलं तर? किल्लीला बिट वाढला की किल्ल्या दुप्पट होतात, आणि इथे तर ७२ बिट वाढलेत. सगळ्या किल्ल्या लावून बघायला डीप क्रॅकला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या साधारण ८७० कोटी पट काळ लागेल. विश्वाचं वय आहे १,३८० कोटी वर्षं. हा चोर म्हातारा होऊ दे बापडा.

मग २५६ बिटांची किल्ली कशाला? तर आयआयटी दिल्लीत शिकलेले लव ग्रोवर यांनी १९९६ मध्ये क्वांटम कॉम्प्युटरसाठी शोध घेण्याची एक युक्ती काढली. पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर बनला तर त्या युक्तीपुढे २५६ बिटांची किल्ली १२८ बिटांइतकीच दमदार उरेल. उरली तरी पुरेशी आहे. आधीपासून मोठी किल्ली घेऊन ठेवलेली बरी.

दुसरा चोर मला जास्त आवडतो. तो किल्लीच्या वाटेला जातच नाही. तो त्या आईसारखा नुसता ऐकत बसतो आणि काय काय पुन्हा येतंय ते टिपून ठेवतो.

आपल्या तक्त्यात ‘४ ४ ४ ४’ हा निरोप घाला. बाहेर येतो ‘६ ६ ६ ६’. चोराला आत काय आहे ते कळलं नाही, पण चारही ठोकळे सारखे आहेत एवढं तर कळलं! प्रत्येक ठोकळा असा एकटा एकटा कुलूपबंद करण्याच्या पद्धतीला ईसीबी म्हणतात. सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत भोळी.

हिचा भोळेपणा एका चित्राने जगजाहीर केला. लिनक्स या संगणकप्रणालीचं बोधचिन्ह म्हणजे टक्स नावाचा गुबगुबीत पेंग्विन. लॅरी यूइंग यांनी तो १९९६ मध्ये काढला. काळी पाठ, पांढरं पोट, पिवळी चोच. हे चित्र कुणीतरी ईसीबी पद्धतीने कुलूपबंद केलं आणि जे बाहेर आलं ते पुन्हा चित्र म्हणून पडद्यावर मांडलं. वाटलं होतं, नुसत्या रंगीबेरंगी मुंग्या दिसतील. मुंग्या होत्याच, पण त्या मुंग्यांमध्ये पेंग्विन बसलेला होता! पोट, पाय, चोच, अगदी डोळेसुद्धा. पोटाचा पांढरा रंग म्हणजे तेच ते ठोकळे हजारो वेळा. ते सगळे एकाच नक्षीत बदलले. रंग गेले, पण कुठे काय सारखं आहे ते तसंच राहिलं. आणि चित्र ओळखायला आपल्या डोळ्यांना तेवढं पुरतं. किल्ली १२८ बिटांची घ्या नाहीतर २५६ बिटांची, पेंग्विन तसाच बसलेला असतो.

पेंग्विन दिसला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण २०१३ मध्ये अडोबी या कंपनीकडची कोट्यवधी ग्राहकांची माहिती चोरीला गेली, तेव्हा बिघडलं. पासवर्ड कुलूपबंद होते, पण ईसीबी पद्धतीने. म्हणजे ज्यांचे ज्यांचे पासवर्ड सारखे, त्यांच्यापुढे तीच ती अगम्य अक्षरं. शिवाय पासवर्ड विसरला तर आठवावा म्हणून प्रत्येकाने लिहिलेली खूणही शेजारीच, तीही उघडी! एकाची खूण मोघम असायची, तर तोच पासवर्ड असलेल्या दुसऱ्याने खुणेत जवळजवळ उत्तरच लिहून ठेवलेलं असायचं. शब्दकोडं सोडवावं तसे लोक पासवर्ड सोडवत बसले. किल्ली कुणालाच सापडली नव्हती, आणि ती लागलीही नाही. तुमच्या ताई-दादांनी २०२० च्या टाळेबंदीत झूमवर शाळा भरवली असेल. त्या वर्षी टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबमधल्या संशोधकांनी झूम तपासलं आणि तिथेही एईएसच्या पोटात ईसीबीच निघाली. झूमने मग त्याच वर्षी पद्धत बदलली.

म्हणजे तक्ता कितीही भारी असला, तरी तो वापरायचा कसा हे वेगळं ठरवावं लागतं. या वापरण्याच्या पद्धतींना मोड म्हणतात.

त्यातली एक जुनी आणि देखणी पद्धत आहे सीबीसी. तिला आधी एक छोटी क्रिया लागते, एक्सऑर. दोन बिट एकाखाली एक मांडायचे. सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. झालं! १०० आणि ०११ यांचा एक्सऑर १११. आणि हिची खरी मजा अशी की तोच आकडा पुन्हा एकदा एक्सऑर केला की मूळ आकडा परत येतो. १११ आणि ०११ करून बघा, १०० हजर.

सीबीसी म्हणते, ठोकळा तक्त्यात टाकण्याआधी त्याला मागच्या कुलूपबंद ठोकळ्याशी एक्सऑर करा. पहिल्याच्या मागे कुणीच नसतं, म्हणून त्याच्यासाठी सुरुवातीचा एक आकडा आपण मनाला येईल तो निवडायचा. त्याला आयव्ही म्हणतात. आयव्ही घेऊ ३, म्हणजे ०११. निरोप तोच, ४ ४ ४ ४.

पहिला ४ म्हणजे १००. त्याचा ०११ शी एक्सऑर १११, म्हणजे ७. तक्ता म्हणतो ७ चे ४. दुसरा ४, मागे बाहेर पडलेला आकडाही ४, सारखे आहेत म्हणून एक्सऑर ०. तक्ता म्हणतो ० चे ५. तिसरा १००, मागचा १०१, एक्सऑर ००१. तक्ता म्हणतो २. चौथा १००, मागचा ०१०, एक्सऑर ११०, म्हणजे ६. तक्ता म्हणतो ३.

‘४ ४ ४ ४’ चे झाले ‘४ ५ २ ३’. आता ओळखा म्हणावं! तक्ता तोच, किल्ली तीच, आणि सारखेपणाचा मागमूस नाही. उघडणारा मात्र चुटकीसरशी उघडतो. त्याला ५ मिळाला की तक्ता उलटा वाचून ०, त्याचा मागच्या ४ शी एक्सऑर, आला ४. आयव्ही बदलला की तोच निरोप नवं सोंग घेतो. ६ घेऊन केलात तर ‘७ ० ६ ७’ मिळेल. आयव्ही १ घेतला तर काय होतं, ते मात्र मी सांगणार नाही. कागद घ्या आणि करून बघा. (हसू आलं की समजा बरोबर आलं.)

पण थांबा. आयव्ही ३ घेऊनच आपला निरोप जरा लांबवू. चारच्या जागी आठ वेळा ४. पाचवा ४ म्हणजे १००, मागचा ०११, एक्सऑर ७, तक्ता म्हणतो ४. अरे! हे तर पहिल्यासारखंच झालं. पुढे ५, मग २, मग ३, मग पुन्हा ४. ‘४ ५ २ ३ ४ ५ २ ३’. पेंग्विन परत डोकावायला लागला!

दोष सीबीसीचा नाही. तक्त्यात खानेच आठ. नवे नवे आकडे पुरणार किती? ठोकळा लहान असला की पुनरावृत्ती लवकर होणार, मग किल्ली एक मैल लांब घेतली तरीही. तिने फक्त वेगळा तक्ता निवडला जाईल, खाने आठच राहतील.

खरं तर पुनरावृत्ती आपल्याला वाटते त्याहून फार आधी गाठते. वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला यायला किती मुलं हवीत? ३६५ तारखा आहेत, म्हणून वाटतं की निदान दीडशे-दोनशे तरी हवीत. पण २३ मुलं पुरतात. तेवढ्यांतच शक्यता निम्म्याहून जास्त होते. आणि ४० मुलांच्या वर्गात ती ८९ टक्के असते. उद्या शाळेत विचारून बघा. कारण असं की आपण मुलं मोजतो, पण जुळतात त्या जोड्या. २३ मुलांच्या जोड्या होतात २५३! ठोकळ्यांचंही असंच. ६४ बिटांचा ठोकळा असेल तर जुळणारी जोडी त्याच्या निम्म्या, म्हणजे ३२ बिटांत मावतील एवढ्या ठोकळ्यांच्या आसपास भेटू लागते. ते साधारण ४३० कोटी ठोकळे होतात, म्हणजे अवघे ३२ जीबी. हल्ली घरातल्या टीव्हीवर चार-सहा सिनेमे चांगल्या प्रतीचे बघितले तरी एवढी माहिती ये-जा करते.

जोडी जुळली म्हणून चोराच्या हाती काय लागतं? तक्ता एकच आकडा दोन खान्यांत देत नाही हे आठवा. बाहेर दोन ठोकळे सारखे आले, म्हणजे तक्त्यात शिरलेले ठोकळेही सारखे. आणि शिरलेला ठोकळा म्हणजे निरोप आणि मागचा कुलूपबंद ठोकळा यांचा एक्सऑर. मागचे ठोकळे तर चोराला उघड दिसतायत! त्या दोघांचा एक्सऑर केला की निरोपातल्या दोन ठोकळ्यांचा एक्सऑर हातात. त्यातला एक ठोकळा आधीच माहीत असेल, तर दुसरा आपोआप बाहेर.

हे नुसतं कागदावरचं नाही. डीईएसची किल्ली तोकडी पडल्यावर लोकांनी तेच कुलूप तीनदा लावायला सुरुवात केली होती. त्याला ट्रिपल डीईएस म्हणतात. किल्ली १६८ बिटांची झाली, पण ठोकळा राहिला ६४ चाच. ब्रूस श्नायर यांनी १९९३ मध्ये काढलेल्या ब्लोफिश या कुलपाला तर ४४८ बिटांपर्यंत किल्ली चालते, ठोकळा पुन्हा ६४. किल्ल्यांकडे बघून लोक निर्धास्त होते. २०१६ मध्ये फ्रान्सच्या इनरिया या संस्थेतले कार्तिकेयन भार्गवन आणि गेताँ ल्युराँ यांनी ब्राउझरला तोच तो निरोप पुन्हा पुन्हा पाठवायला लावलं, सुमारे ७८५ जीबी गोळा केले, जुळणाऱ्या जोड्या शोधल्या आणि दोन दिवसांच्या आत त्यातून लॉगिनची गुप्त खूण काढून दाखवली. किल्ली शेवटपर्यंत अनोळखीच राहिली. या हल्ल्याला नाव काय दिलं, तर ‘स्वीट ३२’! तो ३२ कुठून आला, ते आता तुम्हाला सांगायला नको. अमेरिकेच्या त्या मानक संस्थेने २०२३ नंतर ट्रिपल डीईएसने नवं काही कुलूपबंद करायला मनाई केली आहे.

एईएसचा ठोकळा १२८ चा का, तेही यातून कळतं. तिथे जोडी जुळायची वेळ येते सत्तावीस हजार कोटी जीबीच्या आसपास. तेवढे सिनेमे अजून निघालेले नाहीत.

तुम्ही मित्राला व्हॉट्सॲपवर ‘जेवलास का?’ पाठवता, तेव्हा याच मापांचा खेळ चालतो. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार प्रत्येक निरोपासाठी ८० बाइटांचा गुप्त ऐवज तयार होतो. त्यातले ३२ बाइट एईएसची किल्ली, म्हणजे २५६ बिट. ३२ बाइट वाटेत कुणी निरोपात ढवळाढवळ केली का ते तपासायला. आणि उरलेले १६ बाइट म्हणजे सीबीसीचा आयव्ही. तो १६ चाच का? कारण तो ठोकळ्याशी एक्सऑर व्हायचा असतो, किल्लीशी नाही.

सीबीसीची एक कटकट आहे. मागचा ठोकळा झाल्याशिवाय पुढचा करता येत नाही, सगळे रांगेत उभे. म्हणून डिफी आणि हेलमन यांनीच १९७९ मध्ये दुसरी वाट सुचवली. निरोप तक्त्यात टाकूच नका, ०, १, २, ३ असे नुसते मोजणीचे आकडे टाका. बाहेर पडतील ५, २, ७, ०. त्यांचा निरोपाशी एक्सऑर करा. ‘४ ४ ४ ४’ चे होतील ‘१ ६ ३ ४’. हिला सीटीआर म्हणतात. हजार ठोकळे हजार जणांनी एकाच वेळी करावेत, कुणी कुणासाठी थांबायला नको, आणि भरतीचे आकडेही नकोत. अट एकच, मोजणीचा आकडा त्याच किल्लीने पुन्हा कधीही वापरायचा नाही. वापरलात की दोन निरोपांचा एक्सऑर उघडा पडला. आपल्या चिमुकल्या तक्त्यात आठ ठोकळ्यांनंतर आकडेच संपतात, म्हणजे इथेही ठोकळ्याचं माप आडवं आलंच. सीटीआरला ढवळाढवळ ओळखणारी मोहोर जोडली की जीसीएम होते. २००७ मध्ये तिचं मानक निघालं आणि आज वेबसाइट उघडताना बहुतेक वेळा तीच कामाला असते. झूम गेलं तेही तिच्याकडेच.

आता कागद हातात आहेच, तर हा निरोप उघडा. तक्ता वरचाच, पद्धत सीबीसी, आयव्ही २. मूळ आकड्यांना अक्षरं अशी: ० म्हणजे मोकळी जागा, १ क, २ म, ३ ल, ४ न, ५ र, ६ स, ७ ब.

१ ४ ६ ४ २

यात ४ दोनदा आलाय, पण दोन्हीकडे अक्षर तेच असेल असं समजू नका. हा लेख लांबत चालला तसं तुम्ही मनातल्या मनात मला जे म्हणाला असाल, तेच यात लिहिलंय.